काष्ठमौन

'टक्.'

एवढाच आवाज. वाळलेली शेंग उन्हात उकलावी तसा. मी तुळशीची एकशेआठ पानं मोजून ताम्हनात ठेवत होते. चौऱ्याहत्तरावं पान बोटांत होतं. पाल असेल म्हणून वर पाहिलं, तर पाल नव्हती. समईची ज्योत हललीसुद्धा नव्हती. मग नजर खाली आली, घटाच्या उजव्या बाजूला, जिथे मी सकाळी मामंजींचं व्हायोलिन भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

त्याच्या खांद्यापाशी एक काळी रेघ उमटली होती. वरची फळी आणि बाजूची पट्टी जिथे मिळतात, बरोबर तिथे. मी हात लावला. लाकूड तापातल्या कपाळासारखं गरम होतं. रेघेत माझं नख सहज आत गेलं.

मी ओरडले नाही. ओरडायची सोयच नव्हती.

नवरात्राचे नऊही दिवस मी काष्ठमौन धरलं होतं. साधं मौन वेगळं. त्यात माणूस खुणा करतो, पाटीवर लिहून दाखवतो, मान हलवतो. काष्ठमौनात यातलं काही नाही. लाकडासारखं राहायचं. अंघोळ झाली की सुरू, आणि तुळशीपुढे सांजवात लागली की सुटलं. आमच्या वाईच्या घरी माझी आई ते धरायची, तिच्याकडूनच मी घेतलं. मिरजेत सासरी आल्यावर पहिल्याच वर्षी धरलं तेव्हा आत्याबाई, म्हणजे मामंजींच्या बालविधवा बहीण, म्हणाल्या होत्या, "तू एरवी तरी कुठे बोलतेस? देवीला फरक कळायचा नाही."

पण त्या वर्षीचं मौन नुसता नेम नव्हता. दोन वर्षांपूर्वी मामंजींना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण डाव्या हाताची बोटं तारेवर उभी राहीनात. आयुष्यभर व्हायोलिन वाजवलेला माणूस रोज सकाळी अंगणात बसून एक लिंबू मुठीत दाबायचा. त्या श्रावणापासून बोटं हळूहळू वळू लागली. दसऱ्याला त्यांच्या गुरूंची पुण्यतिथी असे, आणि त्या संध्याकाळी ते दोन वर्षांनी पहिल्यांदा चारचौघांत वाजवणार होते. मी देवीला सांगितलं होतं, नऊ दिवस माझी वाचा घे आणि त्यांची बोटं दे. हे फक्त आत्याबाईंना माहीत होतं.

आणि नवव्या दिवशी, खंडेनवमीला, वाद्य मीच मोडून ठेवलं होतं.

खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा. दर वर्षी मामंजी व्हायोलिनची बंद पेटी स्वतः आणून देवापुढे ठेवत. त्या दिवशी ते सकाळच्या गाडीनं सांगलीला गेले होते, डॉक्टरांना हात दाखवायला आणि नव्या तारा आणायला. जाताना म्हणाले, "सूनबाई, पेटी देवापुढे ठेव." ठेवली. पण मग माझ्या मनात आलं, पूजा पेटीची कशी करायची? कुंकू झाकणाला लावायचं का? देवीला काय पोचेल? म्हणून मी पेटी उघडली, ते बाहेर काढलं, गळ्यापाशी कुंकवाचं बोट लावलं, फूल वाहिलं आणि घटाशेजारी टेकवलं. आमचं देवघर म्हणजे एका माणसाला बसण्यापुरती बिनखिडकीची खोलीच. त्यात दोन समया आणि अखंड दिवा. धूर घरात नको म्हणून मी आतून दार लोटून घेतलेलं. तीन तास ते त्या भट्टीत होतं आणि मी समोर बसून पानं मोजत होते.

मामंजी एकदा ह्यांना सांगत होते ते मी ऐकलं होतं. हे वाद्य जर्मन मुलखाच्या कडेला, बोहेमियाच्या डोंगरातल्या कुठल्याशा गावात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हातानं केलेलं. मुंबईत सिनेमाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या एका गोवेकरानं मुंबई सोडताना ते मामंजींच्या हाती दिलं. आत चिकटवलेल्या कागदावर कुणा थोर इटालियन कारागिराचं नाव होतं. मामंजी हसून म्हणायचे, "नाव खोटं, लाकूड खरं. याच्याहून सरस वाद्य तीन जिल्ह्यांत काढून दाखवा." पाठीवर वाघासारखे पट्टे होते. उन्हात धरलं की पट्टे चालायला लागत.

मी व्हायोलिन पदरात गुंडाळलं आणि मागच्या दारानं निघाले.

चार गल्ल्या पलीकडे दस्तगीरचाचांचं दुकान होतं. सतारी-तंबोरे करायचे, आणि मामंजींच्या व्हायोलिनला तीस वर्षं तेवढा एकच हात लागलेला. त्या पाडव्यालाही एका बाजूचा सुटलेला जोड त्यांनीच लावला होता. दुकानात छताला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. चाचा हातपाय धुऊन टोपी घालत होते. शुक्रवार होता, नमाजाची वेळ. मी पदर सोडला आणि वाद्य त्यांच्यापुढे धरलं.

"अगं, गुरुजींची सून न्हवं तू? काय झालं?"

मी उभी.

"पडलं?"

मी उभीच. मानही हलवली नाही.

"मुकी झालीस काय गं," म्हणाले आणि मग कपाळाला हात लावला. "हां. तुमचं नवरातीचं. गुरुजी बोलले हुते. बरं बरं, तू बोलू नको, हे बोलंल."

त्यांनी कान लावून बोटाच्या पेरानं कडेकडेनं ठोकलं. टकटक, टकटक, आणि खांद्यापाशी आल्यावर आवाज फुटका झाला. पुन्हा ठोकलं. दुरून बांग ऐकू आली. तारा त्यांनी भराभर सैल सोडल्या, तारांखालची घोडी काढून माझ्या हातात दिली, वाद्य परत माझ्या पदरात ठेवलं.

"ह्याला आता सरस लागणार," म्हणाले, आणि आत गेले.

आत कसलंतरी भांडं वाजलं, पाणी ओतल्याचा आवाज आला आणि मागचं दार लागलं. ते मशिदीकडे गेले होते.

सरस लागणार. मी भुशात उभी राहून ते दोन शब्द ऐकत राहिले. याच्याहून सरस वाद्य आणावं लागणार, म्हणजे हे संपलं. तीन जिल्ह्यांत नसलेलं सरस वाद्य उद्या संध्याकाळपर्यंत मी कुठून आणणार होते? विचारावं तर तोंड बांधलेलं, आणि विचारायला माणूसही नव्हता. पायरीवरून उतरताना मी भोपळ्याच्या दोरीला धरलं.

घरी आत्याबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. माझा चेहरा पाहिला, पदरातलं पाहिलं.

"दाखव."

दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, फटीला बोट लावलं. मग देवघराचं उघडं दार पाहिलं, रिकामी पेटी पाहिली. त्यांना सांगावं लागलं नाही.

"अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "दिव्याशी ठेवलंस. बाई, डॉक्टर काय म्हणालेत ठाऊक आहे ना? दादाला धक्का बसता कामा नये. दुसरा झटका आला तर माणूस हाती लागायचा नाही."

मला ठाऊक होतं. माझ्या पोटात दुसरं काही नव्हतंच, ना अन्न, ना पाणी. फक्त ते.

"रडतेस काय? रडणं मौनात चालतं वाटतं. थांब." त्या उठल्या, शेजारच्या सुताराकडे गेल्या आणि पांढऱ्या चिकट पदार्थाची बाटली घेऊन आल्या. "दारं-खिडक्या चिकटवतात यानं. हत्ती बांधलास तरी सुटायचं नाही म्हणतो. घाल फटीत, दाबून धर, तारा आवळ आणि गप्प बस. गप्प तर तू आहेसच. दादाला कळायचं कारण नाही."

मी ओसरीवर बसले. व्हायोलिन मांडीवर घेतलं. बाटलीचं टोपण काढलं. आंबूस वास आला. मनात देवीचं नाव घेतलं आणि बाटलीचं तोंड फटीला लावलं. दाबणार, तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं.

"ए पोरी. हात काढ. आदी हात काढ तिथनं."

दस्तगीरचाचा धावत आले होते. त्या वयात. एका हातात कथलाचा डबा, दुसऱ्या हातात जोड दाबून धरायच्या लाकडी शिकंज्यांची पिशवी. त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली, टोपण लावलं आणि पायरीवर बसून दम खाल्ला.

"सरस भिजत घालून नमाजाला गेलो. तासभर भिजायला लागतोय. येऊन बघतो तर ही न्हाई. का आलीस निघून? सांगितलं की तुला सरस लागणार म्हणून."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी डब्याचं झाकण काढलं. आत पिवळट, फुगलेले, काकवीच्या थिजल्या वडीसारखे तुकडे होते.

"हा बघ सरस."

वाईला आमच्याकडे चिकटवायला खळ असायची, नाहीतर डिंक. हा शब्द या अर्थानं मी जन्मात ऐकला नव्हता. आत्याबाईंना माझी चूक कळली असावी, कारण त्यांच्या तोंडून एक विचित्र हुंकार आला. हसू होतं की काय कोण जाणे.

"हिला वाटलं दुसरं आणायचं," त्या म्हणाल्या. "पण चाचा, हा कच्चाच की. पाण्यात विरघळतो. त्यापेक्षा हे बाटलीतलं पक्कं."

"पक्कं हाय म्हणूनच नको, आक्का." चाचा आता वाद्य हातात घेऊन बोलत होते. "हे फिडल ज्यानं केलं त्यानं सरसच लावला, आणि त्यो बी पातळ. मुद्दाम. लाकूड हवेनं फुगतंय, आकसतंय. ताण आला तर जोड सुटावा, लाकूड फाटू नये. जोड सुटला तर माझ्यासारखा कुणीबी लावतोय. तुमच्या बाटलीचा जोड सुटायचा न्हाई, मग ताण आला की पोट फाटणार. फाटलं की आवाज गेला. मग मी बी न्हाई आणि त्यो करणारा बी न्हाई."

"आणि कशाचा असतो हो हा?"

चाचांनी डब्यावर झाकण ठेवलं. "खोटं कशाला सांगू. म्हशीचं कातडं, हाडं."

आत्याबाई दोन पावलं मागे सरकल्या. "घट बसलेत घरात."

"म्हायती हाय. म्हणून हितंच अंगणात करतो. तुमच्या चुलीला शिवत न्हाई. निखारे आणि पाण्याचं एक भांडं द्या, डबा त्या पाण्यात ठेवायचा. उकळी न्हाई येऊ द्यायची."

आत्याबाई हलल्या नाहीत. भांडं त्यांच्या सोवळ्यातलं जाणार नव्हतं, हे त्यांच्या उभं राहण्यातच होतं. मी उठले. शेगडी पेटवून अंगणात आणली. मग देवघरातून माझं तांब्याचं तपेलं आणलं, ज्यात मी रोज पूजेचं पाणी भरायची. आईनं दिलेलं. ते शेगडीवर ठेवलं.

"अगं ते तपेलं," आत्याबाई म्हणाल्या.

मंद निखाऱ्यावर सरस विरघळायला दुपार गेली. विरघळला तेव्हा ओल्या कातड्याचा वास अंगणभर झाला. मी पदर नाकाशी नेला. पण चाचा म्हणाले, "हितं धर, दोन बोटांनी, दाबू नको, नुसतं धर," आणि मी धरलं. त्यांनी पातळ सुरीच्या पात्यावर सरस घेऊन फटीतून फिरवला, शिकंजे एकेक करून आवळले, गरम फडक्यानं बाहेर आलेला सरस पुसला. पुसताना कुंकवाच्या ठिपक्यापाशी त्यांचा हात थांबला.

"हे न्हाई काढत. काढाय गेलं तर रोगण निघंल. ऱ्हाऊ दे."

रात्रभर शिकंजे हलवायचे नाहीत, सकाळी तारा चढवायच्या, संध्याकाळी वाजेल, असं त्यांनी सांगितलं. सूर्य कलला होता. सांजवातीला अजून अर्धा तास असेल. मला वाटलं, देवी पावली. मामंजींची गाडी सातची.

फाटक पुन्हा वाजलं. मामंजी होते. आधीची गाडी मिळाली होती.

हातात तारांची पुडी, कपाळावर घाम. त्यांनी आधी शेगडी पाहिली, मग चाचांना, मग खाटेवर शिकंज्यांत अडकलेलं आपलं व्हायोलिन. त्यांचा डावा हात आपोआप मुठीत वळू लागला, लिंबू दाबावं तसा. मला तो हात दिसत होता आणि दुसरं काही दिसत नव्हतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. मला नाही, आत्याबाईंना. माझं मौन त्यांना ठाऊक होतं.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग भावाकडे. "काही नाही दादा. पाडव्याला यानं जोड दिला होता ना, तोच सुटला. पेटी उघडली तर सुटलेला. कच्चं काम. यालाच बोलावून पुन्हा करून घेतलं."

मामंजी सावकाश चाचांकडे वळले. "तुझा जोड सुटला?"

मला वाटलं चाचा आता सांगतील. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, माझ्या बंद तोंडाकडे, आणि मान खाली घातली.

"सुटला असंल गुरुजी. वय झालं. हात पयल्यावानी न्हाई ऱ्हायला."

"तीस वर्षांत सुटला नाही."

"आता सुटला."

"मग संपलं," मामंजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "माझा हात गेला ते समजू शकतो. तुझाही गेला असेल तर यापुढे माझं वाद्य तुझ्याकडे नको. उद्या शिकंजे काढायलाही येऊ नकोस. मी बघेन."

चाचांनी पिशवी उचलली. डबा उचलला. तपेल्यातलं पाणी तुळशीला नाही, कुंपणाला ओतलं, आणि तपेलं माझ्या पायाशी नीट पालथं ठेवलं. ते फाटकाकडे निघाले.

सूर्य समोरच्या कौलांवर होता. पाव तास. फार तर पाव तास. पाव तासानं मी सांजवात लावली असती आणि मोकळी झाले असते. पण तोवर चाचा गल्लीच्या पार गेले असते, आणि तीस वर्षं घरचा असलेला माणूस आमच्या अंगणातून चोरासारखा गेला असता. आणि बोलले तर? नऊ दिवस गेले. बोटं गेली. उद्या तारेवर ते बोट ठेवतील आणि ते उभं राहणार नाही, आणि ते मी केलेलं असेल. धक्क्यानं इथेच खाली बसले तर तेही मीच केलेलं.

चाचांनी फाटकाची कडी काढली.

"मामंजी."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. गंजलेला, जाड.

"चाचांचा जोड नाही सुटला. तो पाडव्याचा जोड दुसऱ्या बाजूला आहे. पेटीतून मी बाहेर काढलं. समईजवळ ठेवलं, दार लावून, तीन तास. मी केलं."

आत्याबाई ओसरीच्या खांबाला टेकून खाली बसल्या. "मोडलंस," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी मोडलंस गं. वात लागायला एवढासा वेळ होता."

"मौन काय, पुढच्या वर्षी धरेल," मामंजी म्हणाले.

"दादा, कशासाठी धरलं होतं ठाऊक आहे तुला? तुझ्या बोटांसाठी."

मामंजींनी स्वतःचा डावा हात पुढे धरून पाहिला. पालथा, मग उताणा. मी त्यांचा श्वास मोजत होते.

"दस्तगीर," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. लाकूड?"

"शाबूत हाय गुरुजी." चाचा फाटकातूनच म्हणाले. "सांध्यावर सुटलंय."

"सांध्यावर ना? मग काही गेलं नाही." ते वाद्याकडे पाहून म्हणाले की माझ्याकडे, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. "आणि तू. खोटं बोलायला लागलास म्हातारपणी?"

"आतल्या कागदावर बी खोटंच लिवलंय की, गुरुजी."

मामंजी हसले. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, तोंड अजून एका बाजूला जरा ओढायचं. "सकाळी शिकंजे काढायला ये. आणि संध्याकाळी पुढे बस. सूनबाई, वात लाव. वेळ झाली."

मी वात लावली. सुटायला मौन उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्हायोलिन वाजलं. मामंजी मांडी घालून बसले, व्हायोलिनची मान पायाच्या घोट्यावर टेकली, गळ्याशी माझं कुंकू. मी बायकांच्या बाजूला खांबाआड होते आणि पदराचं टोक दातांत धरलं होतं. एक बोट उभं राहिलं, दुसरं राहिलं, तिसरं राहिलं. पाऊण तास ते वाजवत होते. फक्त एकदा, वरच्या षड्जावर जाताना, करंगळी घसरली. श्रोत्यांत फार थोड्यांना कळलं असेल. चाचांना कळलं, त्यांनी डोळे मिटले. मामंजींनी तो स्वर पुन्हा घेतला, या खेपेला नीट, आणि मान वर करून गर्दीत मला शोधलं.

ती घसरलेली करंगळी म्हणजे माझा पाव तास. तसं मी धरून चालले.

याला एकेचाळीस वर्षं झाली. मामंजी, आत्याबाई, चाचा, कोणी नाही. व्हायोलिन आता माझी नात ईशानी वाजवते. कुंकवाचा ठिपका आहे तसा आहे, आणि खंडेनवमीला मी बंद पेटीचीच पूजा करते, दिव्यापासून चार हात लांब. आणि रोज तुळशीपुढे सांजवात लावली की पाव तास बोलत नाही. मान हलवत नाही, खूण करत नाही. त्या वेळात कुणाचा फोन आला तर ईशानी उचलते.

"आजी आत्ता लाकूड आहे," ती सांगते. "पंधरा मिनिटांनी करा."